कुलूपवाल्याच्या तोंडात बोळा

आमच्या जावयांनी जो घोळ केला त्याच्यापेक्षा, घोळ झाल्यावर त्यांनी बायकोला पुढे केलं त्याची मला जास्त चीड आली. स्वतः शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून राहिले आणि माझ्या लेकीला माझ्याकडे धाडलं. मधे एक दार, तेही उघडं. मला त्यांची पाठ दिसतेय, त्यांना माझा आवाज ऐकू जातोय, आणि निरोप मात्र लेकीच्या तोंडून.

"आई, ते म्हणतायत की फोटो उघडे गेले."

"कुठले फोटो?"

"आपल्या बायकांचे. गुंफणवाल्या भाऊंकडे पाठवतो ते."

माझ्यासमोर लाकडी डोक्यावर चढवलेला टोप होता, विंचरायला घेतलेला. फणी तशीच केसांत राहिली.

"उघडे म्हणजे?"

लेकीनं वळून नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं.

आम्ही केसांचे टोप करतो. नाटकातले नाही. आजारानं, औषधानं, बाळंतपणानं, नाहीतर काही कारण न देता ज्यांचे केस गेले, त्या बायकांचे. माझ्या सासूनं हे काम सुरू केलं, तिच्यामागून माझ्याकडे आलं. शाळा माझी जेमतेमच झाली, पण डोकं नुसतं बघून मी माप सांगते आणि मग टेप लावली तरी ते चुकत नाही. आमच्याकडे बाई मागच्या दारानं येते. एका वेळी एकच. आरशावर पडदा असतो आणि तो बाईनं स्वतः सरकवायचा, तिला वाटेल तेव्हा. आमच्यातलं कुणी त्याला हात लावत नाही. आणि नाव कुणाचं घ्यायचं नाही. टोपाला काय सोसायचंय, त्यावरून आम्ही हाक मारतो. एक पोहणारी आहे. एक भट्टीवाली, दिवसभर पावाच्या भट्टीपुढे उभी असते. आणि एक दातवाल्या बाई.

दातवाल्या बाई म्हणजे दातांच्या डॉक्टर. त्यांचा पेशंट खुर्चीत आडवा पडतो आणि काम संपेपर्यंत त्यांच्या कपाळाकडे खालून बघत राहतो. बिचाऱ्याला दुसरं बघायला असतंच काय! इतर बायकांच्या टोपाची पुढची कड समोरून बरोबर दिसली की भागतं, यांची खालून दिसायला हवी. म्हणून आमच्याकडे फोटो काढायचं काम करणाऱ्या माझ्या भाचीनं जमिनीवर बसून तो फोटो खालून काढला होता, भरपूर उजेडात. डोकं उघडं, भुवया गेलेल्या, मान वर केलेली. काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मावशी, मला असं माझ्या आईनंसुद्धा पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "इथून बाहेर जाईल तो कुलपात जाईल."

असं म्हटलं होतं मी. याच तोंडानं.

फोटो बाहेर जायलाच लागतात. कपाळावरच्या जाळीत एकेक केस गाठ मारून बसवायचं काम आमच्याकडे होत नाही. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे एक म्हातारे भाऊ करतात. त्यांना आम्ही गुंफणवाले म्हणतो. पूर्वी मी स्वतः पाकीट घेऊन जायची. मग लेकीचं लग्न झालं आणि घरात जावई आले. जावई हुशार, हे मी माझ्या शत्रूपुढेही म्हणेन. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला. भाचीनं फोटो काढला, बटण दाबलं, की फोटोला कुलूप लागतं आणि तो आम्हाला केस पुरवणाऱ्या व्यापाऱ्यानं इंटरनेटवर ठेवलेल्या जागेत जाऊन पडतो. तिथे सगळ्याच टोपवाल्यांचं सामान असतं, स्टेशनवरच्या सामानघरासारखं. ज्यानं त्यानं आपापलं कुलूप लावायचं. भाऊ तिथून आमचा फोटो उचलतात आणि घरी उघडतात.

तेव्हा मी विचारलं होतं, "हे कुलूप तुम्ही केलंत?"

"छे हो आई. कुलूप आपण घरी करायचं नसतं, चोरांना घरचीच कुलपं आवडतात. जगातल्या मोठमोठ्या डोक्यांनी बनवलेलं, तपासलेलं एक अवजार असतं. माझा प्रोग्रॅम फक्त त्याला हाक मारतो. एका ओळीचा हुकूम द्यायचा. हा फोटो घे, भाऊंच्या किल्लीनं बंद कर, बंद झालेला इथे ठेव."

"भाऊंची किल्ली आपल्याकडे आली कशी?"

"तिचे दोन भाग असतात. बंद करायचा आपल्याकडे, उघडायचा फक्त त्यांच्याकडे. आपण एकदा बंद केला की आपल्यालाही उघडत नाही."

हे मला आवडलं. "आणि तो काही बोलतो का, की मुकाट्यानं करतो?"

"कोण?"

"तुमचा कुलूपवाला."

ते हसले. "बोलतो ना. काम झालं की शून्य म्हणतो."

"शून्य म्हणजे झालं? आमच्या वेळी शून्याला छड्या बसायच्या."

"याच्याकडे उलटं आहे. शून्य म्हणजे सगळं ठीक. दुसरा कुठलाही आकडा म्हणाला, तर काम झालेलं नाही. शिवाय काय बिघडलं तेही लिहून सांगतो."

तेव्हापासून त्या अवजाराचं नाव आमच्या घरात कुलूपवाला पडलं. आणि मी ते गावभर मिरवलं. बाजारातल्या दुसऱ्या दुकानदारांना मुद्दाम थांबवून सांगायची, आमच्या जावयांनी कुलूपवाला ठेवलाय, फुकट राबतो, चहासुद्धा मागत नाही.

तर त्या दिवशी मी फणी काढून ठेवली आणि शेजारच्या खोलीत गेले.

"जावईबापू, इकडे तोंड करा."

त्यांनी खुर्ची फिरवली. चेहरा उतरलेला होता, हे मी लपवणार नाही.

"आई, झालंय असं, की किल्लीची मुदत संपली होती."

"किल्लीला मुदत? दुधाला असते तशी?"

"तशीच. भाऊंच्या किल्लीची तारीख उलटून गेली आणि आपल्या लक्षात आलं नाही. मुदत संपलेल्या किल्लीनं ते अवजार बंद करून देत नाही."

"मग त्यानं तसं सांगितलं नाही?"

लेक दाराशी येऊन उभी राहिली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं. ती म्हणाली, "ते म्हणतायत—"

"तू भांडी घास जा. त्यांना जीभ आहे."

मग एकेक बाहेर यायला लागलं. कुलूपवाला सांगत होता. प्रत्येक फोटोला सांगत होता, ही किल्ली चालत नाही, मी बंद केलेलं नाही. पण त्याचं बोलणं कॉम्प्युटरवरच्या एका काळ्या खिडकीत उमटायचं आणि ती खिडकी भाचीच्या समोर पटकन उघडायची. भाची दचकायची, काम टाकून यांना फोन लावायची. बहुतेक वेळा काही विशेष नसायचंच, नुसती बडबड. यांना कंटाळा आला. म्हणून यांनी हुकुमाच्या शेवटी लिहून टाकलं, की तो जे काही बोलेल ते परस्पर फेकून द्या.

"आणि तो आकडा? शून्य की काय तो?"

"तो बघायला हवा होता."

"बघत होतात का?"

"नाही."

"बरं, कुलूप लागलं नाही तर फोटो जाऊ नये, एवढं तरी होतं?"

ते जमिनीकडे बघून बोलले. "उलट होतं. बंद झालेला फोटो सापडला नाही, तर मूळ फोटो पाठव, अशी एक ओळ होती. तात्पुरती घातली होती आई. एकदा भाऊ कामाला खोळंबले होते, तेव्हा."

आमच्या न्हाणीघराच्या दाराला तात्पुरती म्हणून बांधलेली दोरी अजून तिथेच आहे. तशीच ती ओळ राहिली.

मला ते अगदी डोळ्यांसमोर दिसलं. तो बिचारा कुलूपवाला दारात उभा राहून जीव तोडून ओरडतोय, बाबांनो, किल्ली लागत नाही, पाठवू नका. आणि यांनी त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय. आणि बोळा कोंबून वर त्याच्याच बाजूनं उघडं सामान बाहेर पाठवतायत, रोज.

"तुम्हाला हे कळलं कुणाकडून?"

"भाऊंचा फोन आला होता. ते म्हणाले, तुमचे फोटो हल्ली बिनकुलपाचे येतात, मला वाटलं तुम्हीच माझी सोय केलीत." मग आवाज आणखी खाली गेला. "अजून एक आहे. त्यांना कामात हात देणारी त्यांची सून बाजारातून येत होती. केसांच्या त्या मोठ्या दुकानाच्या काचेत टीव्ही लावलाय ना. तिला त्यावर आपला एक फोटो दिसला."

"कुणाचा?"

"दातवाल्या बाईंचा."

मी चपला घातल्या आणि म्हटलं, "चला."

त्या दुकानाच्या काचेत पुरुषभर उंचीचा टीव्हीचा पडदा आहे. त्यावर लांब केसांच्या, दात दाखवणाऱ्या बायका येतात आणि जातात. मधेच दोन चौकोन येतात, 'आधी' आणि 'नंतर'. 'नंतर'मध्ये कुणी भलतीच बाई होती. 'आधी'मध्ये आमच्या दातवाल्या बाई. मान वर केलेली, भाचीनं जमिनीवर बसून खालून काढलेला तोच फोटो. माझ्या घरातल्या आरशाचा पिवळा पडदासुद्धा मागे दिसत होता. एक बाई पिशवी खांद्यावर घेऊन बघत उभी होती, तिची मुलगी बोट दाखवून विचारत होती, "आई, ही कोण गं?"

मी जाऊन काचेला पाठ लावून उभी राहिले. माझी रुंदी पहिल्यांदाच काही कामाला आली असती, पण पडदा माझ्या डोक्याच्याही वर होता. मी उभी, आणि माझ्या डोक्यावर त्या. मला वाटलं, इथेच धरणी फाटावी.

जावई आत गेले होते. मीही गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, चिडू नका. व्यापाऱ्याच्या त्या जागेत बाकीच्यांच्या फाईली उघडतच नाहीत. ही उघडली. मला वाटलं, व्यापाऱ्यानं जाहिरातीसाठीच ठेवलीय."

"कुणाचं दार उघडं दिसलं की तुम्ही आत जाऊन पलंगावर झोपता का?"

"तसं नाही हो—"

"काढा आधी."

त्यानं काढलं. दोन बटणं दाबली आणि बाई गेल्या. माझ्यासमोर त्यानं आपल्याकडचा फोटोही पुसला. मग जावयांकडे बघून, अगदी सरळ मनानं म्हणाला, "तुम्हीच ते कुलूपवाले जावई ना? या आजी किती सांगायच्या तुमच्याबद्दल. मीही तुमच्याकडून प्रोग्रॅम करून घेणार होतो."

मी दुकानाच्या पायऱ्या उतरले.

रस्त्यावर जावई माझ्या बरोबरीनं चालायला लागले. घाम पुसला आणि म्हणाले, "आई, काढला ना आता. बाईंना कळलंही नसेल. मी घरी जातो, नवी किल्ली घालतो, तिथले सगळे उघडे फोटो पुसतो, ती ओळ काढतो. कुलूप लागल्याशिवाय काहीच बाहेर जाणार नाही असं करतो. मग उगाच त्यांना सांगून त्रास कशाला द्यायचा?"

खोटं कशाला लिहू, मलाही ते गोड लागलं. चार पावलं मी त्या विचाराच्या बोटाला धरून चालले. घरी जावं, चहा टाकावा, टोप विंचरायला घ्यावा. सासूचं नाव, माझं नाव, दुकानाचं नाव, सगळं जागच्या जागी. आणि मग मनात आलं, त्या काचेसमोरून जाणाऱ्या कुणाचा तरी दात कधीतरी दुखणारच. तो त्या खुर्चीत आडवा पडणार आणि वर बघणार.

"पुसायचं ते आत्ता पुसा. त्या मोबाईलवरून होतं ना?"

"होतं."

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी सगळे उघडे फोटो पुसले. मी शेजारी उभी होते. चेहरे सरकताना दिसत होते, पोहणारी, भट्टीवाली, आणखी कितीतरी. मग मी म्हटलं, "आता दवाखान्यात."

"आई, फोन केला तर?"

"फोटो काढताना त्या फोनवर नव्हत्या."

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं शेजारी बसलो. तोंडाला फडकं लावून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते आत जाऊन आले. मग बाईंनी स्वतः दार उघडलं. आता लाज वाटते लिहायला, पण माझी नजर आधी त्यांच्या कपाळावर गेली. कड इतकी सुरेख बसली होती, की मला क्षणभर अभिमान वाटला. नंतर त्यांचे डोळे दिसले.

"या," त्या म्हणाल्या. मावशी म्हणाल्या नाहीत.

आत मी उभीच राहिले. म्हटलं, "बाई, तुमचा फोटो आमच्याकडून बाहेर गेला. बाजारातल्या दुकानात लागला होता. आत्ता काढून आलो. मी तुम्हाला कुलपाचा शब्द दिला होता, तो मोडला."

"मला माहीत आहे."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"एका पेशंटनं सांगितलं," त्या हातमोजे काढत म्हणाल्या. "तोंडात कापूस होता त्यांच्या, तरी बोलले. 'डॉक्टर, तुमच्यासारखीच दिसणारी एक बाई पाहिली.' मी म्हटलं, 'आ करा.' संध्याकाळी जाऊन बघून आले. आत जायचं धाडस झालं नाही. आत जाऊन सांगणार काय, ती मी आहे म्हणून?"

पाण्याचा नळ ठिबकत होता. त्यांनी तो बंद केला आणि जावयांकडे वळल्या. "कुलूप तुम्ही लावता ना?"

"हो. म्हणजे झालं असं, की सिस्टीममध्ये किल्लीची मुदत संपल्यामुळे एन्क्रिप्शन फेल झालं, आणि फॉलबॅकमुळे फाईल तशीच—"

"मला दातांतलं कळतं, यातलं नाही. सोपं सांगा. तुमच्या यंत्राला कळलं नव्हतं का, कुलूप लागलं नाही ते?"

"कळलं होतं."

"त्यानं सांगितलं नाही?"

"सांगितलं."

"कुणाला?"

जावई माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघितलं. माझी लेक असती तर बोलली असती त्यांच्या वतीनं, मी बोलले नाही.

"मी ते बंद केलं होतं," ते शेवटी म्हणाले. "त्याचे मेसेज. सारखे यायचे. काम थांबायचं."

"काम थांबायचं," बाई म्हणाल्या. रागानं नाही. एखाद्या पेशंटनं, दुखत होतं पण मी लक्ष दिलं नाही, असं सांगितल्यावर त्या जशा म्हणत असतील, तशा. "अजून कितीजणी आहेत?"

"मुदत संपल्यापासूनच्या सगळ्या."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे आल्या. "टोप चांगला झालाय. तो मी वापरणार. दर काही महिन्यांनी कड सैल होते म्हणालात ना तुम्ही? ती दुरुस्ती दुसरीकडे कुठे होते, तेवढं सांगा."

माझ्या सासूनं उभं केलेल्या दुकानातून आजवर कुणी बाई असं विचारून गेली नव्हती. मी भाऊंचा पत्ता सांगितला. गल्ली, खूण, कितवा मजला, जिना अंधारा आहे, कठड्याला धरून चढा. हेही सांगितलं की ते म्हातारे आहेत, मोजकं बोलतात आणि दार लावून घेतात. त्यांनी लिहून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि आमच्यासाठी दार उघडून धरलं.

खाली उतरल्यावर जावयांनी मोठा श्वास सोडला. मोकळे झाल्यासारखे. म्हणाले, "बाई समजूतदार आहेत. मला वाटलं होतं, आरडाओरडा करतील. चला, एक सुटलं."

मी थांबले. येणारीजाणारी माणसं बाजूनं जात होती. जावयाला रस्त्यात बोलू नये हे मला कळतं, इतकी वर्षं मी त्यांना घरातही एक शब्द वाकडा बोललेली नाही. पण मी आवाज लहान केला नाही.

"जावईबापू, काही सुटलेलं नाही. त्या बाई समजूतदार नाहीत, त्या दमलेल्या आहेत. तुम्हाला काही येत नसतं, तर मी पदरात घेतलं असतं. पण तुम्हाला येत होतं, कळत होतं, आणि तुम्ही ते कानावर पडू दिलं नाहीत. तुम्हाला मी घरातून काढणार नाही आणि कामावरूनही काढणार नाही. काढलं, तर तुम्ही उद्या दुसऱ्या कुणाकडे हुशार म्हणून जाल. तुम्ही आता उरलेल्या प्रत्येक बाईच्या दारात जायचं. तिथे फॉलबॅक नाही, सिस्टीम नाही. मी केलं, म्हणायचं, आणि ती काय बोलेल ते संपेपर्यंत उभं राहायचं. आणि खाली मान घालून जाऊ नका. त्या बायकांना तोंड लपवायचा हक्क होता, तो तुम्ही घालवलात. तुम्हाला तो मिळणार नाही."